हक्काची सोय : जंगलजिल्ह्यांतील विद्यापीठ आणि दिव्यांगांचे शिक्षण

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि १९९५ च्या जुन्या कायद्यातील ७ दिव्यांगत्वांची यादी २१ वर गेली. नव्याने आलेल्या नावांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तीन आजार आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालयांसाठी यातले तिसरे नाव सर्वांत महत्त्वाचे, कारण त्याने ‘दिव्यांग विद्यार्थी’ म्हणजे कोण, हेच बदलून टाकले. ना कुबडी, ना पांढरी काठी, ना कानात यंत्र. वर्गात इतरांसारखाच दिसणारा मुलगा किंवा मुलगी कायद्याने दिव्यांग ठरू शकते. गोंड, माडिया आणि परधान समाजांत, तसेच या भागातील अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय समाजांतही सिकलसेल आढळतो. विदर्भातील या आजाराची नोंद वैद्यकीय साहित्यात १९५८ मध्येच झाली होती. कायद्याच्या यादीत यायला त्याला आणखी ५८ वर्षे लागली.

या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न आहेत. या विद्यापीठाची स्थापना २७ सप्टेंबर २०११ ची. तोपर्यंत येथील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी जोडलेली होती आणि विद्यापीठाच्या कामासाठी नागपूर गाठावे लागे. मुख्यालय गडचिरोलीला आल्याने अंतर कमी झाले, संपले मात्र नाही. एकट्या गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातील तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ होती, म्हणजे चौरस किलोमीटरला सुमारे ७४ माणसे. सिरोंचा हे गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून २०० किलोमीटरच्या पुढे आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा मुलखात दिव्यांग विद्यार्थ्याची पहिली अडचण महाविद्यालयाच्या पायऱ्यांपाशी सुरू होत नाही. ती गावच्या थांब्यावर, एसटीच्या उंच पायदानापाशी सुरू होते.

कायद्यातील मध्यवर्ती कल्पना ‘वाजवी सोय’ ही आहे. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपले हक्क बजावता यावेत म्हणून, संस्थेवर अवाजवी बोजा न टाकता, त्या व्यक्तीपुरते केलेले आवश्यक आणि योग्य फेरबदल, असा तिचा कायदेशीर अर्थ. ही कल्पना अमेरिकेतून आली. तेथे १९७२ मध्ये ती आधी कामगारांच्या धार्मिक पाळणुकीसाठी कायद्यात लिहिली गेली आणि नंतर दिव्यांगांच्या कायद्यांत रुजली. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कांविषयीच्या २००६ च्या करारात तिला जागतिक मान्यता मिळाली आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्या कराराला संमती दिली. मराठीत ‘सोय’ आणि ‘सवलत’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि बराच घोळ तिथेच होतो. सवलतीत काहीतरी कमी होते: भाडे, शुल्क, पात्रतेचे गुण. सोयीत काहीच कमी होत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याला तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो, तेव्हा प्रश्न तेच राहतात, गुण तेच राहतात आणि तपासणाराही तोच असतो. जादा तास मिळाला म्हणून कोणी हुशार होत नाही. त्याला जे येते ते कागदावर उतरवायला वेळ मिळतो, एवढेच. प्राध्यापकांच्या खोलीत ‘त्याला तर एक तास जास्त मिळतो’ असे वाक्य ऐकू येते, तेव्हा सोय ही सवलत समजली गेलेली असते.

कायद्याचे कलम १६ शिक्षणसंस्थांवर वाजवी सोय देण्याचे बंधन घालते. कलम १७ मध्ये अभ्यासक्रम व परीक्षापद्धतीतील फेरबदल, जादा वेळ आणि लेखनिक यांचा उल्लेख आहे. कलम ३२ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी, म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठी राखीव आहेत. प्रवेशाच्या कमाल वयातही ५ वर्षांची सूट आहे. एक त्रुटी मात्र मोठी आहे. पुस्तके, अभ्याससाहित्य आणि साहाय्यक उपकरणे मोफत देण्याची कलम १७ मधील तरतूद वयाच्या १८ व्या वर्षी थांबते. मुलगा बारावी होऊन महाविद्यालयात पाय ठेवतो आणि नेमका त्याच वर्षी हा आधार सुटतो. सुखवस्तू घरात ही उणीव भरून निघते. तेंदूपत्ता आणि धानावर चालणाऱ्या घरात ती भरून निघत नाही.

सिकलसेलच्या विद्यार्थ्याला नेमकी कोणती सोय लागते, हे समजण्यासाठी आजाराची चाल पाहावी लागते. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे असह्य वेदना सुरू होतात: हाडांत, सांध्यांत, छातीत, पोटात. आरोग्य कर्मचारी याला ‘क्रायसिस’ म्हणतात. दोन क्रायसिसच्या मधल्या काळात माणूस चालता-बोलता, कामाला जाणारा असतो. अंगातले पाणी कमी होणे, थंडी, ताप, अतिश्रम आणि मनावरचा ताण ही क्रायसिस ओढवणारी ठळक कारणे. आता ही कारणे विद्यापीठाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावीत. विदर्भात सत्राच्या परीक्षांना हिवाळी आणि उन्हाळी परीक्षा म्हणतात. उन्हाळी परीक्षा चालतात तेव्हा चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात असतो. वरचा मजला, संथ फिरणारा पंखा, दुपारचा पेपर, बाकावर पाण्याची बाटली ठेवायला मनाई आणि तीन तास एका जागी बसणे. गावातून सकाळी निघालेला विद्यार्थी वाटेत लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी पिणेच टाळतो. मुली तर हे हमखास करतात. हिवाळी परीक्षेत पहाटेच्या गारठ्यात दुचाकीवर मागे बसून जंगलाच्या रस्त्याने केंद्र गाठायचे असते. म्हणजे वर्षातल्या दोन्ही परीक्षा आजाराला चाळवणाऱ्या दोन ऋतूंतच येतात.

या विद्यार्थ्याला जादा वेळेपेक्षा पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची लेखी परवानगी अधिक उपयोगाची असते. तळमजल्यावरची हवेशीर जागा, थंडीत शाल किंवा स्वेटर घालून बसू देणे, मध्येच शौचालयाला जाऊ देणे, आणि क्रायसिसमुळे चाचणी परीक्षा किंवा प्रात्यक्षिक हुकले तर ते पुन्हा घेणे, या सोयींना पैसे जवळपास लागत नाहीत. खरा प्रश्न हजेरीचा आहे. पदवी अभ्यासक्रमांत साधारणपणे ७५ टक्के हजेरीची अट असते. वर्षात तीन-चार वेळा क्रायसिस येऊन दर वेळी आठ-दहा दिवस अंथरुणात किंवा रुग्णालयात गेले, की हा मुलगा अटीच्या काठावर येतो. मग दर वेळी वैद्यकीय दाखला, दर वेळी विनंतीअर्ज आणि दर वेळी कोणाच्या तरी मर्जीवर अवलंबून राहणे. वाजवी सोयीचे तत्त्व खरोखर पाळायचे तर हजेरीचा निर्णय प्रवेशाच्या वेळीच लेखी व्हायला हवा. दुखणे येणार हे माहीत आहे, फक्त तारीख माहीत नाही. तेव्हा प्रत्येक दुखण्याला नवा अर्ज मागणे अन्यायाचे आहे.

प्रमाणपत्राची वाटही सरळ नाही. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग शासकीय रुग्णालयात तपासणी, मग टक्केवारी आणि वैश्विक ओळखपत्र, असा क्रम आहे. सिकलसेलचा वाहक, म्हणजे ज्याच्या अहवालात ‘एएस’ लिहिलेले असते, तो दिव्यांग ठरत नाही. ‘एसएस’ रुग्णाची टक्केवारी आजाराच्या तीव्रतेवर ठरते. हात नसलेल्या माणसाचे टक्के तपासणीच्या दिवशी डोळ्यांना दिसतात. वेदनेचे टक्के कागदांवरून ठरवावे लागतात: किती वेळा भरती झाला, किती वेळा रक्त लावले, कोणते अवयव बिघडले. दुर्गम गावातला रुग्ण अनेकदा घरीच तळमळत दुखणे काढतो. त्याची कुठे नोंदच होत नाही. ज्याला उपचार कमी मिळाले, त्याचे कागद कमी, आणि कागद कमी म्हणून टक्केही कमी. म्हणून घरच्यांनी प्रत्येक भरतीचा, प्रत्येक रक्ताच्या पिशवीचा कागद जपून ठेवणे फार गरजेचे आहे.

४० टक्के भरले नाहीत तर सगळेच संपते, हा समज मात्र चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात तो मोडून काढला. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही म्हणून लेखनिक नाकारला गेला होता. आरक्षणासाठी ४० टक्के लागतात, वाजवी सोयीसाठी ती अट घालता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला मुंबईतील एका विद्यार्थिनीचा निकाल आला. लेखनदोष असलेल्या या मुलीला ‘नीट’ परीक्षेत हक्काचा जादा तास परीक्षा केंद्रावर दिलाच गेला नव्हता. नियम केंद्रावरच्या माणसांना ठाऊक नसणे हे कारण होऊ शकत नाही, हा त्या निकालाचा गाभा. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील एका वैद्यकीय प्रवेशेच्छू विद्यार्थ्याच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. वाचा व भाषेचे ४४-४५ टक्के दिव्यांगत्व असल्याने तो अपात्र ठरवला गेला होता. नुसत्या टक्क्यांवरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही, ती व्यक्ती अभ्यासक्रम पार पाडू शकते का ते दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने पाहिले पाहिजे, असा निर्णय झाला.

लेखनिकाची सोय सर्वांत जुनी आणि सर्वांत परिचित. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. दृष्टिहीन, दोन्ही हात बाधित असलेले आणि मेंदूचा पक्षाघात असलेले उमेदवार मागतील तर लेखनिक द्यावाच लागतो. इतरांना शासकीय रुग्णालयातील जिल्हा शल्यचिकित्सक किंवा वैद्यकीय अधीक्षकांचे, लिहिण्यास असमर्थ असल्याचे प्रमाणपत्र लागते. उमेदवाराने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचे शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खाली असावे लागते. शहरात ही अट सोपी वाटते. कोरची किंवा एटापल्लीत बी.ए.च्या विद्यार्थ्याने बारावी झालेला, मराठी शुद्ध लिहिणारा आणि पेपरच्या दिवशी मोकळा असलेला माणूस शोधायचा कुठे? त्याच महाविद्यालयातली खालच्या वर्गाची मुले त्याच आठवड्यात स्वतःचे पेपर देत असतात.

लेखनिकाबरोबरच्या पेपरमध्ये काय घडते ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. वेगळी खोली, एक बाक, दोन माणसे आणि एक पर्यवेक्षक. लेखनिक प्रश्न वाचतो. विद्यार्थी प्रश्न मनात धरून ठेवतो, उत्तराची जुळवाजुळव करतो आणि वाक्य सांगतो. लेखनिक ‘थांबा’ म्हणतो, कारण त्याचे आधीचे वाक्य पुरे झालेले नसते. तेवढ्यात विद्यार्थ्याच्या मनातले पुढचे वाक्य निसटते. राज्यशास्त्राच्या पेपरात परकी विचारवंताचे नाव आले की अक्षर-अक्षर सांगावे लागते. ‘मागचा परिच्छेद वाचून दाखव’ म्हटले की आणखी मिनिटे जातात. लेखनिकाचे अक्षर वाईट असले तर गुण मात्र विद्यार्थ्याचे जातात. दोघांनी आधी महिनाभर एकत्र सराव केला असेल, तरच तो जादा तास खरा तास ठरतो. लेखनिक आदल्या दिवशी ठरवणारी यंत्रणा नियम पाळते, पण विद्यार्थ्याला न्याय देत नाही. प्रत्येक तालुक्यात लेखनिकांची यादी सत्राच्या सुरुवातीलाच तयार असणे हा यावरचा उपाय आहे, आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक प्रत्येक महाविद्यालयात असतातच.

दृष्टिहीन विद्यार्थ्याचा दुसरा अडसर अभ्याससाहित्याचा, आणि तो मराठीत विशेष बोचतो. संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी मोफत उपलब्ध असलेली ‘एनव्हीडीए’सारखी सॉफ्टवेअर मराठी वाचतात, पण मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच. जुन्या फाँटात टंकलेल्या नोट्स पडद्यावर छान मराठी दिसतात आणि कानाला मात्र निरर्थक रोमन अक्षरांचा पाऊस ऐकू येतो. वहीच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो तर वाचक सॉफ्टवेअरला बहुधा मुकेच. प्राध्यापकाने नोट्स युनिकोडमध्ये टंकून मूळ फाइल पाठवली, की अडचण संपते. छापील पुस्तक दिव्यांगांना वाचता येईल अशा रूपात बदलण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यातच दिलेली आहे. यासाठीचा मराकेश करार मान्य करणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. तारीख होती २४ जून २०१४. क्रमिक पुस्तके मात्र अजून त्या वेगाने बदललेली नाहीत.

कर्णबधिर विद्यार्थ्यांची स्थिती याहून बिकट आहे. घरात गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली किंवा छत्तीसगढी, शाळेत मराठी, आणि सांकेतिक भाषा शिकवणारी शाळा दूरच्या गावी. पदवीच्या वर्गात दुभाषी मिळणे ही महाराष्ट्रातील मोठ्या शहरांतही दुर्मीळ गोष्ट आहे.

इमारतींविषयी थोडक्यात. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचे प्रमाण १ ला १२ असते. प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उतार ५ मीटर ४० सेंटिमीटर, म्हणजे जवळपास १८ फूट लांब हवा. पाच-सहा फुटांत उरकलेला उतार तपासणीच्या फोटोत दिसतो. त्यावरून खुर्ची मात्र चढत नाही. सार्वजनिक इमारती कायद्याचे नियम लागू झाल्यापासून ५ वर्षांत सुगम करण्याची मुदत केव्हाच उलटली आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष ऐच्छिक ठेवणारा नियम रद्द केला आणि ते सक्तीचे करायला सांगितले. पण इमारतीत जाता आले तरी गावाहून रोज येता येईलच असे नाही. येथे वसतिगृहातली तळमजल्यावरची खोली ही उतारापेक्षा मोठी सोय आहे. गोंडवाना विद्यापीठाने ‘विद्यापीठ आपल्या गावात’ या उपक्रमातून शिक्षण सुटलेल्या ग्रामस्थांसाठी गावातच वर्ग नेले. विद्यापीठ गावी जाऊ शकते हे त्यातून सिद्ध झाले आहे. त्याच वाटेने परीक्षा केंद्र किंवा चाचणी परीक्षा दिव्यांग विद्यार्थ्याच्या जवळ नेणे अशक्य नाही.

दिव्यांगांना सामावून घेणाऱ्या शिक्षणाचा वारसाही या प्रदेशाला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभ्या केलेल्या आनंदवनात १९६४ मध्ये आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले. कुष्ठरोग्यांच्या श्रमांतून उभ्या राहिलेल्या या वास्तूत परिसरातील निरोगी मुले शिकायला आली. ज्यांच्या सावलीलाही समाज भीत होता, त्यांच्याच अंगणात. सुविधा देणारा सुदृढ आणि घेणारा दिव्यांग, ही ठरलेली मांडणी तिथे उलटी झाली. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्ती १९९५ च्या आणि २०१६ च्या, दोन्ही कायद्यांत दिव्यांग म्हणून गणल्या आहेत. बोटांची संवेदना गेलेल्या अशा विद्यार्थ्यालाही पेन धरणे अवघड असते आणि लेखनिक मागण्याचा त्याचा हक्क तेवढाच पक्का आहे.

दिव्यांग प्राध्यापकांच्या सोयींची चर्चा विद्यार्थ्यांच्या मानाने फारच कमी होते. शासकीय सेवेत ४ टक्के पदे राखीव ठेवणारे कलम ३४ दृष्टी, श्रवण आणि चलनवलन यांसाठी प्रत्येकी १ टक्का, तर स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांसाठी मिळून १ टक्का देते. रक्ताचे आजार या यादीत नाहीत. म्हणजे सिकलसेलच्या विद्यार्थ्याला ५ टक्क्यांत प्रवेश मिळतो, तो नेट-सेट होतो, आणि नोकरीच्या दाराशी त्याचे दिव्यांगत्व आरक्षणापुरते नाहीसे होते. आजाराने खुब्याचे हाड झिजून चालणे बाधित झाले, तर अस्थिदिव्यांग म्हणून त्याचा विचार होऊ शकतो. हक्क मिळण्यासाठी आधी हाड झिजावे लागावे, ही या कायद्याची निर्दय बाजू आहे आणि ती संसदेनेच दुरुस्त करायला हवी.

नोकरी मिळाल्यानंतर मात्र कलम २० सर्वांना लागू होते. शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय दिलीच पाहिजे, आणि शासकीय आस्थापनेच्या व्याख्येत अनुदानित संस्थाही येतात. तळमजल्यावर तासिका, सलग तासिकांमध्ये मोकळा तास, पर्यवेक्षणाच्या कामात बदल, दूरच्या केंद्रावर नेमणूक न करणे अशी ही सोय असते. सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर कोणालाही काढता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही. तेच काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे पद द्यावे लागते. पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावे लागते. पाय गमावलेल्या एका जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हे तत्त्व जुन्या कायद्याखालीच पक्के केले होते. पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना २ वर्षे जादा देतात. या सगळ्यापासून सर्वांत दूर राहतो तो तासिका तत्त्वावरचा अध्यापक. त्याला घेतलेल्या तासिकेचेच मानधन मिळते. आठ दिवस क्रायसिसमध्ये गेले की आठ दिवसांचे उत्पन्न गेले, आणि पुढच्या वर्षी बोलावणे येईल की नाही या धास्तीने तो आजार सांगतही नाही.

आजार लपवण्याचे कारण फक्त नोकरी नव्हे. ‘सिकल आहे’ हे कळले तर लग्न जमणार नाही, ही भीती मुलींच्या घरात फार खोल आहे. त्यामुळे हक्क असूनही अर्ज येत नाहीत आणि अर्ज नाहीत म्हणून गरज नाही, असा निष्कर्ष निघतो. अमेरिकी विद्यापीठांची एक रीत येथे घेण्यासारखी आहे. तेथे विद्यार्थी आपली कागदपत्रे एकाच कार्यालयात देतो. ते कार्यालय प्राध्यापकांना जे पत्र पाठवते, त्यात आजाराचे नाव नसते, कोणती सोय द्यायची तेवढेच असते. ‘या विद्यार्थिनीला पाण्याची बाटली, मधली विश्रांती आणि हजेरीत सूट मान्य आहे’ एवढे एक पत्र पुरेसे आहे. समान संधीचे धोरण जाहीर करणे हे कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेचे कर्तव्य आहे. त्या धोरणात ही गुप्तता लिहून ठेवली, तर अर्ज करणाऱ्यांची संख्या नक्की वाढेल.

सोय नाकारली गेली तर शासकीय आस्थापनेतील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, कलम २३ नुसार कर्मचाऱ्यांना दाद मागता येते. विद्यार्थ्यांसह सर्वांना राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येते. हे कार्यालय पुण्यात, गडचिरोलीपासून ८०० किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. पण तक्रार टपालानेही करता येते. कायदा मोडल्यास पहिल्यांदा १० हजार रुपयांपर्यंत आणि पुन्हा मोडल्यास ५० हजार ते ५ लाख रुपये दंड आहे.

दिवाळी सरली की हिवाळी परीक्षांचे दिवस येतात. ज्या घरात सिकलसेलचा, अंधुक दिसणारा, लिहिताना हात थरथरणारा विद्यार्थी आहे, त्या घराने परीक्षेच्या आदल्या दिवसाची वाट पाहू नये. कोणती सोय हवी ते साध्या कागदावर लिहून, प्रमाणपत्राची किंवा रुग्णालयाच्या कागदांची प्रत जोडून, अर्ज आजच प्राचार्यांकडे द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी.